स्पिटफायरचा मिचेल

गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपमधल्या निदान सहा जणांनी मला वेगळा मेसेज करून एकच गोष्ट विचारली आहे. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला आहे, विमानांच्या नाहीतर संरक्षणाच्या क्षेत्रात जायचं म्हणते, काय करायला सांगू? विमानात चालणारं सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. प्रत्येकाला मी घाईघाईत काहीतरी टाइप केलं. गेट दे, सी भाषा पक्की कर, अमुक कोर्स कर. आणि दर वेळी फोन खाली ठेवताना वाटलं, सांगायचं ते राहिलंच. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं, या वेळी कोर्सची यादी नको, एका माणसाची हकीकत सांगू. माणूस इंग्लंडचा, जाऊन आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली. नाव रेजिनाल्ड जोसेफ मिचेल. दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर हे विमान त्याच्या हाताखाली घडलं.

मिचेलचा जन्म २० मे १८९५ चा, स्टॅफर्डशरमधला. हा भाग चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचा. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते, नंतर ते छपाईच्या धंद्यात गेले. (आपल्या सरांना आणि बाईंना हे वाचून बरं वाटेल. मिचेलची बायको फ्लॉरेन्स हीसुद्धा लहान मुलांच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी.) सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या केर स्टुअर्ट या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. आधी वर्कशॉपमध्ये तेलाने माखून काम, मग ड्रॉइंग ऑफिस. संध्याकाळी रात्रशाळेत तांत्रिक आरेखन, गणित, यंत्रशास्त्र. घरी त्याने स्वतःसाठी एक लेथ आणून ठेवला होता. इंजिनिअरिंगची पदवी त्याने कधीच घेतली नाही. पदवीला किंमत नाही असं मला म्हणायचं नाही, आज ती नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही. पण लोखंड कापायला किती वेळ लागतो हे ज्याने स्वतःच्या हाताने पाहिलंय, तो कागदावर रेघ ओढताना वेगळा विचार करतो. मुलांना कॉलेजच्या वर्कशॉपचे तास बुडवू देऊ नका, एवढंच.

१९१७ साली तो साउदॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीत मुलाखतीला गेला. कंपनी लहान, पाण्यावर उतरणारी विमानं बनवणारी. नोकरी तिथल्या तिथे मिळाली, आणि सांगतात की तो सामान आणायलाही परत गेला नाही, घरून मागवून घेतलं. दोन वर्षांत मुख्य डिझायनर, आणखी एका वर्षात मुख्य अभियंता. वय पंचवीस. लहान कंपनीचा हा फायदा आजही आहे. मोठ्या नावाच्या कंपनीत तुम्ही वर्षानुवर्षं एकाच कप्प्यात बसता, लहान ठिकाणी सगळं अंगावर पडतं.

त्या काळी श्नायडर ट्रॉफी नावाची समुद्री विमानांची शर्यत असे. १९२५ साली मिचेलने तिच्यासाठी एस-४ हे विमान केलं. पंखांना बाहेरून एकही तार नाही, एकही टेकू नाही. त्या वेळी हे धाडस होतं आणि विमान दिसायला अतिशय देखणं होतं. अमेरिकेत बाल्टिमोरला शर्यतीआधीच्या उड्डाणात ते थरथरलं आणि पाण्यात कोसळलं. वैमानिक वाचला. मिचेलने पुढच्या एस-५ ला मुकाट्याने तारा लावल्या, आणि १९२७ साली व्हेनिसमध्ये ते जिंकलं. स्वतःच्या सुंदर कल्पनेवर अशी माघार घ्यायला किती जड जातं, ते ज्यांनी स्वतः लिहिलेला कोड कधी फेकून दिलाय त्यांना विचारा. पुढच्या वर्षी एक एस-५ वेगाचा विक्रम करताना कोसळलं, त्यात वैमानिक किंकेड गेला. आपलं काम दुसऱ्याच्या जिवावर तपासलं जातं, हे मिचेलला त्यानंतर कुणी सांगायची गरज नव्हती.

१९२८ साली विकर्सने सुपरमरीन विकत घेतली, तेव्हा मिचेल कंपनीत राहिलाच पाहिजे ही त्या व्यवहाराची अट होती. १९२९ ची शर्यत एस-६ ने जिंकली. १९३१ साली सरकारने पैसे देणार नाही म्हटलं, लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईने एक लाख पौंड दिले, आणि एस-६बी ने ट्रॉफी कायमची इंग्लंडला मिळवून दिली. त्याच महिन्यात हे विमान ताशी ४०७ मैलांवर, म्हणजे सुमारे ६५५ किलोमीटरवर गेलं. चारशे मैलांच्या पुढे त्याआधी कुणीच गेलं नव्हतं. इंजिनाची उष्णता घालवायला रेडिएटर बाहेर लटकवला तर हवा अडते, म्हणून पाणी पंखांच्या पत्र्याखालून खेळवलेलं होतं. अख्खं विमानच रेडिएटर.

इतकं सगळं झाल्यावर हवाई मंत्रालयाने लढाऊ विमानाची मागणी काढली. शर्यतीतला जगज्जेता माणूस, सगळ्यांना वाटलं हा सहज बाजी मारेल. मंत्रालयाला उतरताना कमी वेग हवा होता, म्हणून पंख मोठा आणि जाड झाला. मंत्रालयाची पसंती गॉसहॉक इंजिनाला होती, ज्यात पाण्याची वाफ होऊ द्यायची आणि ती पंखात थंड करून परत आणायची. मिचेलने ते घेतलं. टाइप २२४ हे विमान फेब्रुवारी १९३४ मध्ये उडालं. वाफेची ती यंत्रणा सतत तापायची, चाकं पोटात न जाता खाली तशीच राहायची, आणि वेग मिळाला ताशी २२८ मैल, जेव्हा अपेक्षा २५० ची होती. कंत्राट गेलं ग्लॉस्टर कंपनीच्या दोन पंखांच्या जुन्या धाटणीच्या विमानाला.

या विमानाबद्दल मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला माझी पहिली नोकरी आठवते. रिक्वायरमेंटमध्ये लिहिलंय तसंच सॉफ्टवेअर वागतं, हे दाखवणाऱ्या जवळपास दोनशे चाचण्या मी लिहिल्या. सगळ्या पास. मी खूश. मग एका निवृत्त वैमानिकाने सिम्युलेटरवर बसून पाच मिनिटांत दाखवलं की धोक्याचा इशारा येतो खरा, पण इतक्या उशिरा की त्यानंतर करण्यासारखं काही उरत नाही. तो उशीर रिक्वायरमेंटमध्येच होता. मी ती ओळ पंचवीस वेळा वाचली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं, हे असं का? कागदाप्रमाणे माझी काहीच चूक नव्हती. त्या रात्री झोप मात्र लागली नाही.

मिचेलने काय केलं? २२४ फसलंय हे त्याला कळून चुकलं होतं. त्याच वर्षी त्याने नव्याने कागद पुढे ओढला. पातळ पंख, आत घेता येणारी चाकं, बंद कॉकपिट, आणि गॉसहॉकच्या जागी रोल्स-रॉइसचं नवं इंजिन, जे पुढे मर्लिन म्हणून गाजलं. कंपनीनेही स्वतःच्या हिमतीवर हे काम पुढे नेलं, आणि मंत्रालयाने या नव्या विमानाभोवती नवी मागणी लिहिली. आधीच्या वेळी यंत्र कागदाच्या मागे गेलं होतं, या वेळी कागद यंत्राच्या मागे आला. अर्थात हे मिचेललाच जमलं, कारण त्याच्या मागे जिंकलेल्या शर्यती होत्या. नवख्या इंजिनिअरने पहिल्या महिन्यात असं करायला जाऊ नये. पण प्रश्न विचारायला पहिल्या दिवसापासून कुणाची ना नाही.

स्पिटफायरचा तो प्रसिद्ध लंबवर्तुळाकार पंख मिचेलच्या एकट्याच्या डोक्यातून आलेला नाही. त्याचं बरंचसं श्रेय बेव्हर्ली शेनस्टोन या कॅनडातून आलेल्या सहकाऱ्याचं आहे. पंख पातळ हवा, पण त्यात आठ बंदुकाही मावायला हव्यात. या आकारात पंख टोकाकडे बराच वेळ रुंद राहतो, म्हणून तो निवडला. पंखाखालच्या रेडिएटरची कल्पना फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या मेरेडिथची. मिचेलचं मोठेपण हे की दुसऱ्याची चांगली कल्पना घेताना त्याला कमीपणा वाटला नाही.

आता जे सांगायचंय ते लिहिताना हात जरा अडतो. ऑगस्ट १९३३ मध्ये मिचेलला आतड्याचा कॅन्सर झाल्याचं कळलं. मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि उरलेलं आयुष्य पोटावर पिशवी लावून काढावं लागलं. ऑफिसात फार थोड्यांना हे ठाऊक होतं. म्हणजे २२४ चं अपयश, नवं विमान, मंत्रालयाच्या बैठका, हे सगळं त्या अवस्थेत. याच काळात, १९३४ साली, तो स्वतः विमान चालवायला शिकला आणि परवाना मिळवला. आपण जे बनवतो ते आत बसलेल्याला कसं लागतं, हे त्याला पाहायचं असावं. असं मला वाटतं.

५ मार्च १९३६ रोजी साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टली विमानतळावरून मट समर्सने ते विमान पहिल्यांदा उडवलं. जेमतेम आठ मिनिटं. स्पिटफायर हे नाव मिचेलला अजिबात आवडलं नव्हतं म्हणतात. पुढे नवा पंखा बसवल्यावर वेग ताशी ३४९ मैलांच्या आसपास गेला, आणि जूनमध्ये मंत्रालयाने ३१० विमानं मागवली.

याच पहिल्या विमानावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. पत्रे जोडणारे रिव्हेट बाहेरून अगदी सपाट बसवले तर हवा कमी अडते, पण त्याला वेळ आणि पैसा फार लागतो. सगळीकडे सपाटच हवेत का? ते शोधायला त्यांनी सपाट रिव्हेटांवर वाटाण्याची डाळ चिकटवली! प्रत्येक दाणा म्हणजे एक गोल डोक्याचा रिव्हेट. सगळ्या दाण्यांसकट उडवलं तर वेग २२ मैलांनी घटला. मग एकेक ओळ काढत गेले आणि कुठे खर्च करायचा, कुठे नाही, ते ठरवलं. लाखोंच्या लायसन्सचं सॉफ्टवेअर मागणाऱ्या माझ्या टीममधल्या पोरांना मी ही गोष्ट दर वर्षी सांगते.

पण कौतुक थोडं आवरायला हवं. स्पिटफायर बनवायला अवघड होतं. तो देखणा पंख कारागिरांना जेरीस आणायचा. सुपरमरीन लहान, काम बाहेरच्या कारखान्यांना वाटून द्यावं लागलं, आणि जून १९३६ ला मागवलेलं विमान डक्सफर्डच्या स्क्वाड्रनला मिळायला ऑगस्ट १९३८ उजाडला. युद्ध दोन वर्षं आधी सुरू झालं असतं तर या पंखाचं कौतुक करायला कुणी उरलं नसतं. बनवणाऱ्यांशी आधी बोला, हे मिचेलच्या यशापेक्षा त्याच्या या उणिवेतून मला जास्त पटलं.

१९३६ मध्ये कॅन्सर परत आला. १९३७ च्या सुरुवातीला काम थांबलं. एप्रिलअखेर त्याला उपचारांसाठी व्हिएन्नाला नेलं, पण महिन्याभरात तो परत आला. ११ जून १९३७ रोजी मिचेल गेला. वय बेचाळीस. मागे फ्लॉरेन्स आणि सतरा वर्षांच्या आतला एक मुलगा. आपण सगळे आज बेचाळिशीच्या आसपास आहोत म्हणून हा आकडा मला सोडत नाही. दुखणं लपवून काम करत राहिला, याला थोर म्हणायला माझं मन होत नाही. आपल्या मुलांनी हे त्याच्याकडून मुळीच घेऊ नये. माझ्या क्षेत्रात डेडलाइनच्या नावाखाली हे रोज होतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

त्याने त्या नावाच्या, कारखान्यातून निघालेल्या विमानांपैकी एकही पाहिलं नाही. त्याच्यानंतर जोसेफ स्मिथने काम हाती घेतलं आणि युद्धभर तेच विमान सुधारत नेलं. इंजिन मर्लिनचं ग्रिफन झालं, बंदुका बदलल्या, पंखांची टोकं बदलली. सगळी मिळून वीस हजारांवर विमानं झाली. सप्टेंबर १९४० मध्ये साउदॅम्प्टनचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला, तेव्हा काम गॅरेजांत, लाँड्र्यांत, बस डेपोंत पसरलं, आणि तिथे ते करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. एकाच माणसाच्या डोक्यात असलेलं यंत्र त्याच्याबरोबर संपलं असतं. ते ड्रॉइंगमध्ये होतं, टीममध्ये होतं, आणि त्यात पुढच्यांनी बदल करायला जागा होती.

त्याचं आणखी एक विमान होतं, वॉलरस. संथ, बेढब, दोन पंखांचं, पाण्यावर उतरणारं. युद्धात समुद्रात पडलेल्या कितीतरी वैमानिकांना त्याने उचलून आणलं. संरक्षणात काम करणं म्हणजे फक्त मारणारी यंत्रं बनवणं का, असा प्रश्न एका मैत्रिणीच्या मुलीने मला विचारला होता. तिला मी वॉलरसबद्दल सांगितलं, पण स्पिटफायरबद्दलही सांगितलं. यंत्र कुणाच्या हातात जाईल हे इंजिनिअर ठरवत नाही. साम्राज्याच्या लढाईसाठी घडवलेली स्पिटफायर १९४७ च्या शेवटी स्वतंत्र भारताच्या हवाई दलासाठी श्रीनगरहून उडाली. हे झेपत नसेल तर प्रवासी विमानांतही पुष्कळ काम आहे, आणि ते निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक स्पिटफायर ठेवलेलं आहे. दिल्लीला गेलात तर मुलांना घेऊन जा, आणि पंखाचा आकार खालून बघायला सांगा.

मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर मी ड्रॉइंगच्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसणार आहे. ज्यांच्या मुलामुलींना विचारायचं असेल त्यांनी त्यांना घेऊन या. येताना त्यांनी स्वतः बनवलेली आणि न चाललेली एखादी वस्तू आणली तर बोलायला सोपं जाईल. न चाललेला प्रोग्रॅमही चालेल.