सुरपूरचे ‘अप्पा’ : कर्नल मेडोज टेलर

कलबुर्गीच्या दक्षिणेस, आज यादगीर जिल्ह्यात मोडणारे सुरपूर हे डोंगरांनी वेढलेले गाव एकेकाळी बेडर नायकांच्या संस्थानाची राजधानी होते. गावालगतच्या टेकडीवर ‘टेलर मंझिल’ ही वास्तू अजून उभी आहे. ती बांधणारे कर्नल फिलिप मेडोज टेलर जगाला कादंबरीकार म्हणून ठाऊक आहेत. या मुलुखाने मात्र त्यांना प्रशासक, चित्रकार आणि संशोधक म्हणून पाहिले.

टेलर यांचा जन्म 25 सप्टेंबर 1808 रोजी लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, 1824 मध्ये, व्यापारी पेढीत नोकरी करण्यासाठी ते मुंबईस आले. पेढी डबघाईला आलेली होती. एका नातलगाच्या खटपटीने त्यांना निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि दख्खन हीच त्यांची कर्मभूमी ठरली. हिंदुस्थानी, मराठी, भूमापन, कायदा, बांधकाम, भूगर्भशास्त्र हे सारे त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केले. फिरतीवर असताना हातात चित्रवही असे. दख्खनमधील त्यांच्या रेखाचित्रांचा संग्रह 1837 साली लंडनमध्ये निघाला. 1839 च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

राजा कृष्णप्पा नायक निवर्तल्यावर सुरपुरात वारसाचा तंटा उभा राहिला. गादीचा वारस वेंकटप्पा नायक अज्ञान होता, राणी ईश्वरम्मा कारभार पाहत होत्या आणि खजिना कर्जात बुडाला होता. तेथे पाठवलेल्या टेलर यांनी 1853 पर्यंत राज्याची घडी बसवली. रस्ते आखले, तलाव दुरुस्त केले. बालराजा त्यांना ‘अप्पा’ म्हणे. रयतेने ‘मेडोज’चे ‘महादेव बाबा’ केले. याच काळात, 1844 मध्ये, पत्नी मेरी यांचे निधन झाले.

एकाकी झालेल्या टेलर यांचे लक्ष माळरानावरील शिळांकडे गेले. राजन कोळूर येथील दगडी घरकुलांना लोक बुटक्या मोऱ्यांची घरे म्हणत. टेलर यांनी ती मोजली आणि रेखाटली. जेवर्गीजवळची शिळावर्तुळे खणून आतील हाडे व मडकी थरांनुसार चित्रांत उतरवली. दफनस्थळाचा उभा छेद त्यांनी इतक्या काटेकोरपणे काढला, की पुढे मॉर्टिमर व्हीलर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञाने त्यांची प्रशंसा केली. दख्खनच्या महापाषाणीय संस्कृतीच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

पुढे त्यांच्याकडे नळदुर्ग जिल्ह्याचा आणि 1857 च्या धामधुमीत वऱ्हाडातील कारभार आला. इकडे तरुण वेंकटप्पा नायकांनी 1858 च्या आरंभी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. पराभवानंतर ते हैदराबादेत पकडले गेले. तुरुंगात ‘अप्पा’ त्यांना भेटले. पण आपल्याला चिथावणाऱ्यांची नावे राजाने त्यांनाही सांगितली नाहीत. फाशीची शिक्षा कमी होत चार वर्षांच्या कैदेवर आली होती. चिंगलपेटला नेले जात असतानाच, पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजाचा अंत झाला. तो अपघात होता की आत्मघात, याचा उलगडा झाला नाही. ज्या मुलाला राज्य चालवण्यास शिकवले, त्याच्याच जप्त राज्याचा कारभार पुन्हा टेलर यांच्या हाती आला. सत्तेचे चाकर आणि राजाचे पालक या दोन भूमिकांतील अंतर त्यांना कधीच मिटवता आले नाही.

1860 मध्ये सुरपूर निजामाकडे गेले आणि प्रकृती ढासळलेले टेलर मायदेशी परतले. ‘तारा’ आणि ‘सीता’ या कादंबऱ्या त्यांनी तेथे लिहिल्या. 1875 मध्ये सालारजंगांच्या निमंत्रणावरून ते हैदराबादेत आले. पण दृष्टी गेली आणि परतीच्या वाटेवर, 13 मे 1876 रोजी, फ्रान्समधील मांतों येथे त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र त्यानंतर प्रसिद्ध झाले.

सुरपूरजवळचा बोनाळ तलाव नायक राजांनी बांधला होता. टेलर यांनी त्याचा विस्तार केला. आज तो पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरतात. राजा आणि त्याचे ‘अप्पा’ दोघेही कधीच गेले. त्या दोन्ही घराण्यांच्या हातचे पाणी मात्र तेथे अजून एकत्र साठलेले आहे.