हृदयाला विसावा देणारे डॉ. गिबन

मनुष्याचे हृदय आकाराने त्याच्या मुठीएवढे. पण त्याचे काम केवढे मोठे! मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावून ते जवळजवळ ५ लिटर रक्त शरीरभर खेळविते. शेतकरी मोट थांबवून बैलांना घटकाभर सोडू शकतो. हृदयाला मात्र जन्मापासून मरणापर्यंत सुटी म्हणून नाही. काही मिनिटेच जरी रक्ताचा प्रवाह खंडित झाला, तरी मेंदूला इजा होते आणि प्राण धोक्यात येतो. त्यामुळे हृदय उघडून त्याच्या आतील दोष डोळ्यांनी पाहत दुरुस्त करणे ही गोष्ट फार काळ अशक्यप्राय मानली जात होती. हृदयाचे व फुप्फुसांचे काम थोडा वेळ यंत्रावर सोपवून ही अशक्य गोष्ट ज्यांनी शक्य करून दाखविली, ते अमेरिकन शल्यविशारद म्हणजे डॉ. जॉन गिबन.

गिबन यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०३ रोजी फिलाडेल्फिया या शहरी झाला. त्यांच्या घराण्यात वैद्यकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. वडील तर नामांकित शल्यवैद्य होते. गिबन यांचा ओढा मात्र साहित्याकडे होता. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर पहिल्याच वर्षी, हा अभ्यास सोडून लेखक व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले. हाती घेतलेले शिक्षण आधी पुरे करावे, असा सल्ला वडिलांनी दिला. तो त्यांनी मानला आणि १९२७ साली ते डॉक्टर झाले.

पुढे संशोधनासाठी ते बोस्टन येथील एका मोठ्या रुग्णालयात गेले. तेथे पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली एक स्त्री एकाएकी अत्यवस्थ झाली. रक्ताची गुठळी तिच्या फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली होती. रात्रभर तिच्या उशाशी बसून दर पंधरा मिनिटांनी नाडी व रक्तदाब पाहण्याचे काम तरुण गिबन यांच्याकडे आले. तिचा चेहरा काळवंडत होता, शिरा फुगत होत्या, श्वास अडत होता. सकाळी वरिष्ठ शल्यवैद्यांनी अवघ्या साडेसहा मिनिटांत गुठळी काढली. परंतु ती स्त्री वाचली नाही. त्या दीर्घ रात्री गिबन यांच्या मनात एक विचार रुजला. हे अशुद्ध रक्त शिरेतून बाहेर घ्यावे, त्यात प्राणवायू मिसळावा आणि शुद्ध झालेले रक्त पुन्हा रोहिणीत सोडावे. असे करता आले, तर अशा रोग्याला जगविता येणार नाही का?

विचार साधा होता, पण तो कृतीत उतरविणे महाकठीण होते. रक्त म्हणजे पाणी नव्हे. त्यातील तांबड्या पेशी इतक्या नाजूक असतात, की पंपाचा दाब थोडा जास्त झाला तरी त्या फुटतात. शरीराबाहेर येताच रक्त गोठू लागते. त्यात प्राणवायू जोराने घुसळावा, तर फेस होतो. आणि हवेचा एखादा बुडबुडा मेंदूत शिरला, तर जिवावर बेतते. शिवाय जितके रक्त बाहेर येईल, बरोबर तितकेच परत गेले पाहिजे. अनेक जाणत्यांनी त्यांना या नादी न लागण्याचा सल्ला दिला.

गिबन मागे हटले नाहीत. त्यांच्या पत्नी मेरी प्रयोगशाळेच्या कामात निष्णात होत्या. १९३४ साली दोघे मिळून यंत्राच्या मागे लागली. जुन्या बाजारातील पंप, काचेच्या व रबराच्या नळ्या, असे साहित्य त्यांनी जमविले. प्रयोगासाठी भटकी मांजरेही ती दोघे स्वतःच पकडून आणीत. गोल फिरणाऱ्या उभ्या नळकांड्याच्या आतील बाजूवरून रक्ताचा पातळ थर वाहू द्यायचा आणि त्यावर प्राणवायू सोडायचा, अशी त्यांनी युक्ती काढली. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध वापरले. १९३५ साली एका मांजराच्या हृदयाचे व फुप्फुसांचे संपूर्ण काम या यंत्राने काही काळ चालविले, तेव्हा त्या दांपत्याच्या आनंदाला पारावार उरला नाही.

मांजराला पुरणारे यंत्र माणसाला कसे पुरावे? नळकांडे नुसते मोठे करीत गेले, तर ते अवाढव्य होणार. त्यातच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि गिबन सैन्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १९४६ साली ते फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले, आणि आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपले अभियंते त्यांच्या मदतीला दिले. वाहत्या रक्तात किंचित खळबळ झाली, तर ते प्राणवायू अधिक शोषून घेते, असे त्यांच्या प्रयोगात दिसून आले. म्हणून तारेच्या जाळीचे उभे पडदे बसवून त्यांवरून रक्त खाली ओघळू देण्याची योजना झाली. रक्त पुढे ढकलण्यास फिरत्या रुळांचा पंप घेतला. हे रूळ उसाच्या चरकासारखे फिरत, पण नळीतील रक्त चिरडू न देता हलकेच पुढे सरकवीत.

१९५२ साली या यंत्राच्या साहाय्याने पहिली शस्त्रक्रिया झाली. रोगी पंधरा महिन्यांचे बालक होते. रोगाचे निदान चुकीचे ठरले आणि ते बालक दगावले. पुढे ६ मे १९५३ रोजी अठरा वर्षांची एक तरुणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर आली. तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र होते. २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे संपूर्ण काम यंत्राने केले. तेवढ्या अवधीत गिबन यांनी ते छिद्र शिवून बंद केले. ती मुलगी खडखडीत बरी झाली!

यशाचा हा आनंद फार काळ टिकला नाही. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात दोन लहान मुली शस्त्रक्रियेत दगावल्या. गिबन यांच्या मनाला मोठा धक्का बसला आणि त्यांनी ते यंत्र पुन्हा हाती धरले नाही. परंतु आपली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. यंत्राचे आराखडे त्यांनी मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांना मोकळ्या मनाने दिले. तेथे डॉ. जॉन कर्कलिन यांनी यंत्रात सुधारणा करून १९५५ साली आठ रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या, त्यांतील चार वाचले. त्यानंतर ही विद्या जगभर पसरली.

निवृत्तीनंतर गिबन चित्रकलेत रमले. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी टेनिस खेळत असताना हृदयविकाराच्या झटक्यानेच त्यांचे निधन झाले. आज मुंबई-पुण्यातच नव्हे, तर कोल्हापुरातही हृदयावर शस्त्रक्रिया होतात, आणि दुर्बळ हृदयाला साहाय्य करणारे छोटे पंप छातीतही बसविता येतात. रक्ताला इजा न करता ते कसे वाहते ठेवावे, हा गिबन यांना पडलेला प्रश्न ते पंप घडविणाऱ्या अभियंत्यांपुढे आजही उभा असतो. एका रोग्याच्या उशाशी जागून काढलेल्या रात्रीतून उगवलेल्या या ध्यासाने असंख्य घरांतील दिवे विझता विझता वाचविले आहेत.