लिझ माइटनर : १०९व्या मूलद्रव्याच्या मानकरी

२९ ऑगस्ट १९८२. जर्मनीतील डार्मस्टाट येथील प्रयोगशाळेत बिस्मथवर लोखंडाच्या अणुकेंद्रांचा मारा चालू होता. त्यातून १०९ क्रमांकाच्या अतिजड मूलद्रव्याचा अवघा एक अणू तयार झाला आणि काही मिलिसेकंदांत विघटन पावला. त्या विघटनाच्या खुणांवरूनच तो ओळखता आला. १९९७ मध्ये या मूलद्रव्याचे नाव ‘माइटनेरियम’ असे निश्चित झाले. ज्यांच्या नावाचा हा मान, त्या लिझ माइटनर यांचा हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म १८७८ सालचा, व्हिएन्नातील ज्यू कुटुंबात. त्या काळी तिथे मुलींचे शाळाशिक्षण चौदाव्या वर्षी संपे. पुढचा अभ्यास त्यांनी खासगी शिकवणीने केला आणि १९०६ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९०७ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तेथील रसायन संस्थेत स्त्रियांना मज्जाव होता, म्हणून तळमजल्यावरच्या जुन्या सुतारखोलीत ऑटो हान यांच्यासोबत त्यांनी किरणोत्सर्गाचे संशोधन सुरू केले. आपल्यासारख्या नोकरदारांचा पगार दोन दिवस लांबला तरी जीव वरखाली होतो. माइटनरबाईंनी पाच वर्षे बिनपगारी काम केले!

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि त्यांचा पासपोर्ट निरुपयोगी ठरला. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, दहा मार्क आणि हान यांनी अडीअडचणीला दिलेली अंगठी घेऊन, त्या गुपचूप सरहद्द ओलांडून गेल्या. पुढे स्वीडनमध्ये आश्रय मिळाला. त्याच डिसेंबरात हान यांचे पत्र आले : युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम कसे मिळते? भाचे ऑटो फ्रिश यांच्याबरोबर बर्फात फिरताना त्यांनी कागदाच्या कपट्यावर हिशेब मांडला आणि कोडे सुटले. पाण्याचा थेंब फुटावा तसे अणुकेंद्र दुभंगत होते!

१९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळाले. अणुबॉम्बच्या कामाचे निमंत्रण माइटनरबाईंनी ठामपणे नाकारले. १९६८ मध्ये केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

डार्मस्टाटच्या त्या एकुलत्या अणूची विघटन-साखळी दोन अल्फा कण टाकत खाली उतरली आणि १०४व्या मूलद्रव्यापाशी संपली. तिथे केंद्र आपोआप दुभंगले. बाईंनी उलगडलेली क्रियाच त्यांच्या नावाच्या अणूचा शेवट ठरली. नोबेलविजेते पुष्कळ आहेत; मूलद्रव्यांच्या तक्त्यात नाव लागलेले मात्र मोजकेच.