बालवाडीच्या ताराबाई

आज गावोगावी अंगणवाडी दिसते. तीन-चार वर्षांची मुले तेथे गाणी म्हणतात, खेळतात, गोष्टी ऐकतात. पण शंभर वर्षांपूर्वी एवढ्या लहान मुलांना शाळा हवी, असे फार थोड्यांना वाटे. लहान मुलांना सांभाळणे हे आयाचे काम, त्यासाठी शिकलेली बाई कशाला, असे लोक म्हणत. हा समज बदलण्यासाठी ताराबाई मोडक यांनी आपले आयुष्य वेचले.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. मुली फारशा शिकत नव्हत्या, त्या काळात त्यांनी १९१४ साली बी. ए. ची पदवी मिळवली. पुढे त्या राजकोटच्या महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा होती, पगारही चांगला होता. पण भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांसाठी नव्या पद्धतीची शाळा चालवत होते. तेथे मार नव्हता, घोकंपट्टी नव्हती. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. लहान मुलांना शिकवण्यासाठीही खास शिक्षण घ्यावे लागते, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून त्यांनी बालशिक्षिका तयार करण्याकडे विशेष लक्ष दिले. त्यामुळे अनेक स्त्रियांना सन्मानाने जगण्याचा व्यवसाय मिळाला.

परंतु शहरातील मुले शिकली आणि खेड्यातील गरिबांची मुले तशीच राहिली, याची खंत त्यांना होती. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. त्यांच्या जागी खडे, शिंपले, बिया आणि पाने आली.

१९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. वारली मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागे, म्हणून त्या शाळेत येत नसत. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. मुली भावंडाला पाळणाघरात ठेवून निर्धास्तपणे शिकू लागल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. १९७३ साली त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९७५ साली, सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

आज बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून बालवाडी शिक्षिका होता येते. अंगणवाडी सेविका आणि पर्यवेक्षिका म्हणूनही अनेक स्त्रिया काम करतात. मात्र त्यांच्या कामाला अजून पुरेसा मान व मोबदला मिळत नाही. इमारतीचा पाया जमिनीखाली असतो, तो कोणाला दिसत नाही. पण सारा भार तोच पेलतो. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला हे काम करावेसे वाटले, तर त्याला लहान समजू नका. ताराबाईंनी त्यासाठी प्राचार्यपद सोडले होते.