गोव्याचा वैद्य गार्सिया द ओर्ता

मृगाच्या सरी कोसळून गेल्या आणि आषाढ लागला, की आमच्या सावलीकडे बाजारात सात्या दिसू लागतात. भल्या पहाटे जंगलात जाऊन वेचून आणलेल्या या अळंबीचे वाटे पानांवर मांडून बाया बसतात. वारुळाजवळ उगवणाऱ्या सात्यांना मान अधिक. घेणारा आधी विचारतो, कुठल्या जंगलातल्या, केव्हा वेचल्या? विकणारीही खरे ते सांगते. ओळख नसलेली सात्या टोपलीत घालायची नाही, हा नियम घरातल्या लहान पोरीलाही पाठ असतो. कारण इथली चूक जिवावर बेतते.

अळंबी आता बाटलीतूनही मिळते. चिनी वैद्यकात नावाजलेली लिंगझी नावाची अळंबी सुकवून, तिची भुकटी कॅप्सूलमध्ये भरून शक्तिवर्धक म्हणून विकली जाते. मधुमेह, सांधेदुखी, रक्तदाब, एवढेच काय, कर्करोगदेखील तिने बरा होतो असे सांगणारे भेटतात. नवल असे की, सात्यांच्या वाट्यापुढे बसून दहा प्रश्न विचारणारा माणूस बाटली घेताना एकही प्रश्न विचारीत नाही. हजारो वर्षांचे चिनी औषध, एवढे शब्द त्याला पुरे होतात. कधी कधी तर दवाखान्याची गोळी बंद करून तो ही कॅप्सूल सुरू करतो.

दूर देशाहून कीर्ती घेऊन आलेल्या औषधाकडे कसे पाहावे, हा प्रश्न मात्र नवा नाही. सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी तो पश्चिम किनाऱ्यावर एका वैद्यापुढे उभा राहिला होता. ते औषधही चीनमधूनच आले होते. त्या वैद्याचे नाव गार्सिया द ओर्ता. त्याचे आयुष्य गोवा, अहमदनगर आणि मुंबई या आपल्याच मुलखात गेले; तरीही आपल्या पाठ्यपुस्तकांतून तो फारसा भेटत नाही. म्हणून त्याची ही थोडक्यात ओळख.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीद या गावी झाला. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा हे कुटुंब पोर्तुगालच्या आश्रयाला आले. पण १४९७ मध्ये तेथेही ज्यूंवर सक्तीचे धर्मांतर लादण्यात आले. अशा बाटवलेल्या लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. नावाला ते ख्रिस्ती होते, पण समाजाच्या नजरेत कायमचे संशयित होते. गार्सिया याच घरात वाढला. बाहेर एक आणि घरात एक, असे दुहेरी जिणे त्याच्या वाट्याला पाळण्यापासूनच आले.

मुलगा बुद्धिमान होता. स्पेनमधील सालामांका आणि आल्काला येथील विद्यापीठांत त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले. मायदेशी परतून काही काळ वैद्यकी केली आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापकही झाला. त्या काळचे वैद्यक म्हणजे ग्रीक आणि अरब आचार्यांच्या ग्रंथांचे पठण. गेलेन आणि इब्न सिना यांचा शब्द हे प्रमाण. रोगी काय सांगतो यापेक्षा ग्रंथ काय सांगतो याला वजन अधिक.

१५३४ च्या मार्च महिन्यात मार्तिम आफोन्सो द सोझा या सेनापतीचा वैद्य म्हणून ओर्ता जहाजावर चढला आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला पोहोचला. तो पुन्हा कधी पोर्तुगालला परतला नाही. पहिली काही वर्षे सेनापतीबरोबर दीव, मलबार अशा मोहिमांवर हिंडण्यात गेली. पुढे गोव्यात त्याने वैद्यकीचा जम बसवला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे रोगी होते. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यानेही त्याला उपचारासाठी आपल्या दरबारी बोलावले. नगरच्या दरबारात अरबी आणि फारसी जाणणारे हकीम होते. त्यांच्याशी ओर्ता वनस्पतींच्या नावांवरून तासन् तास चर्चा करी. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने त्याला मुंबईचे बेट खंडाने दिले. आजच्या अफाट मुंबईचा एक भाग तेव्हा एका वैद्याकडे खंडाने होता, हे वाचून गंमत वाटते. तेथील आंब्यांचे त्याला मोठे कौतुक होते.

पण ओर्ताचे खरे विद्यापीठ गोव्याचा बाजार हेच होते. मलाक्का, होर्मुझ, गुजरात, मलबार आणि चीन येथून येणारी जहाजे त्या बंदराला लागत. हिंग, कापूर, अफू, लवंग, दालचिनी, धोतरा, भांग अशी प्रत्येक वस्तू तो हातात घेई, चाखून पाही, कुठून आली ते व्यापाऱ्याला विचारी. आपल्या बागेत त्याने औषधी झाडे लावली होती. हिंदू वैद्यांकडून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. हगवणीवर मलबारी वैद्य एका झाडाची साल देत, तिचा गुण पाहून त्याने ती मोकळेपणाने नोंदवली. ते झाड म्हणजे कुडा. आमच्याकडच्या जंगलातही उगवणारा आणि खेडोपाडी अजून पोटाच्या तक्रारीवर वापरला जाणारा. पटकीचे त्याने केलेले वर्णन युरोपीय वैद्याने केलेल्या पहिल्या वर्णनांपैकी गणले जाते. त्या रोगाला त्याने दिलेले स्थानिक नाव म्हणजे आपला ‘मोडशी’ हा शब्द. स्पेनमध्ये असताना गेलेनविरुद्ध बोलण्याची आपली छाती झाली नसती, अशी कबुलीही त्याने देऊन ठेवली आहे. ग्रंथांपासून दूर आल्यामुळेच त्याचे डोळे उघडले होते.

आता त्या चिनी औषधाकडे वळू. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उपदंशाची भयंकर साथ पसरली आणि खलाशांबरोबर ती आशियात आली. आपल्याकडे हा रोग फिरंग्यांनी आणला म्हणून वैद्यांनी त्याला ‘फिरंगरोग’ असेच नाव दिले. पाऱ्याचे उपचार होते, पण त्यांनी दात आणि हिरड्या जात, माणूस रोगाइतकाच औषधानेही खंगे. अशा वेळी १५३५ च्या आसपास एक जाडजूड, गाठीगाठींचे मूळ चीनकडून पश्चिम किनाऱ्यावर आले. फारसीत त्याला ‘चोब-इ-चिनी’ म्हणजे चिनी लाकूड म्हणत. तीच आपली चोपचिनी. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त ती ‘द्वीपान्तरवचा’ या नावाने आली आणि फिरंगरोगावरचे औषध म्हणून आयुर्वेदात कायमची स्थिरावली. युरोपात तर तिचा नुसता गाजावाजा झाला. सम्राट पाचव्या चार्ल्सने संधिवातासाठी तिचा काढा घेतला. शरीररचनाशास्त्राचा जनक व्हेसालियस याने १५४६ मध्ये तिच्यावर एक पत्रच छापले. त्याचा मात्र तिच्यावर फारसा विश्वास नव्हता.

चोपचिनी ही वेल आहे. आपल्या जंगलातली घोटवेल तिच्याच कुळातली. मग अळंबीशी तिचा संबंध काय? संबंध आहे तो नावाचा. चिनी वैद्यकात ‘फूलिंग’ नावाची एक औषधी अळंबी फार जुन्या काळापासून वापरात आहे. ती पाइन वृक्षाच्या मुळांवर, जमिनीखाली, रताळ्यासारख्या गोळ्याच्या रूपाने वाढते. सूज उतरवण्यासाठी, लघवी साफ होण्यासाठी आणि पचनासाठी चिनी वैद्य ती देतात. चोपचिनीच्या जातीचे मूळ दिसायला तिच्यासारखे, म्हणून त्याला ‘तूफूलिंग’ म्हणजे मातीतले फूलिंग म्हणू लागले. अशा रीतीने एका अळंबीचे नाव धारण केलेले मूळ पाहता पाहता तीन वैद्यकपरंपरांत शिरले.

ओर्ताने या मुळावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. काढा कसा करावा, पथ्य कोणते पाळावे, हे त्याने सांगितले. कटिशूलासाठी ते स्वतःवरही वापरून पाहिले. त्याचे त्याच्याविषयीचे मत चांगले होते. येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, आजच्या ज्ञानानुसार चोपचिनीने उपदंश बरा होत नाही. त्यावर खरा उपाय १९१० मध्ये आलेल्या साल्व्हर्सानने सुरू झाला आणि १९४३ नंतर पेनिसिलिनने हाती आला. उपदंशाची पहिली लक्षणे काही काळाने आपोआप ओसरतात आणि रोग आत दबून राहतो. म्हणून काढा घेणाऱ्याला बरे वाटले, की श्रेय काढ्याला जाई. ओर्तादेखील या भुलाव्यातून पूर्णपणे सुटला नाही. मग त्याचे मोठेपण कशात? त्याने जे पाहिले, ज्याच्याकडून ऐकले आणि जे स्वतः करून पाहिले, ते वेगवेगळे लिहून ठेवले यात. चुकीचा निष्कर्षही जर असा उघड मांडला, तर पुढचा माणूस तो तपासू शकतो. गुप्त ठेवलेले रामबाण औषध कोणालाच तपासता येत नाही.

हे सारे ज्ञान त्याने १५६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. त्यानंतर सातच वर्षांनी हा ग्रंथ तेथे छापला गेला. येथे छापलेले हे पहिले वैद्यकीय पुस्तक मानले जाते. तो संवादरूपाने लिहिला आहे. एक पात्र स्वतः ओर्ता, दुसरे रुआनो नावाचा स्पेनहून नुकताच आलेला, ग्रंथांवर विसंबणारा कल्पित वैद्य. रुआनोने गेलेनचा आधार काढावा आणि ओर्ताने बाजारातली वस्तूच त्याच्यापुढे ठेवावी, असा हा खेळ आहे. गोव्याच्या छपाईत चुका पुष्कळ राहिल्या. पण क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती तो पडला आणि १५६७ मध्ये अँटवर्पहून त्याचा लॅटिन संक्षेप निघाला. त्या वाटेने आपल्या बाजारातली झाडे युरोपच्या विद्यापीठांत पोहोचली.

त्याच काळात चीनमध्ये आणखी एक वैद्य असेच काम करीत होता. ली शिझेन त्याचे नाव. काळ १५१८ ते १५९३. रानोमाळ हिंडून, शेतकरी, कोळी, शिकारी यांना विचारून त्याने १,८९२ औषधांचा ‘बेनचाओ गांगमू’ हा कोश १५७८ मध्ये पुरा केला. फूलिंग आणि तूफूलिंग दोन्ही त्यात आहेत. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे लिंगझीविषयीचे मत. ही अळंबी खाल्ल्याने माणूस अमर होतो, अशी चीनमध्ये जुनी समजूत होती. ली शिझेनने ती खुळचट ठरवली. शरीरावर गाठ उठावी तशी कुजक्या लाकडावर उठलेली ही वस्तू, तिला दैवी का मानावे, असा त्याचा रोख होता. तरीही औषध म्हणून तिच्या गुणांची नोंद त्याने वगळली नाही. ओर्ता आणि ली यांची कधी भेट झाली नाही. बहुधा एकमेकांचे नावही त्यांना ठाऊक नसावे. पण वृत्ती एकच होती. आज हजारो वर्षांच्या परंपरेचे नाव घेऊन बाटली विकणाऱ्याला हे सांगितले पाहिजे की, त्या परंपरेतला सर्वांत मोठा वैद्यच शंका घेणारा होता.

ओर्ताच्या चरित्राचा शेवट मात्र वाचवत नाही. औषधांबाबत सत्य बोलणाऱ्या या माणसाला स्वतःबद्दलचे सत्य जन्मभर लपवावे लागले. त्याची आई आणि बहिणी छळाला कंटाळून गोव्यात त्याच्या आश्रयाला आल्या होत्या. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यातच आले. बड्या रोग्यांच्या स्नेहाने बहुधा त्याला वाचवले आणि १५६८ मध्ये तो अंथरुणावर मेला. पण पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली जिवंत जाळण्यात आले. चौकशीत ओर्ताचेही नाव निघाले. १५८० मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्याची हाडे कबरीतून उकरून जाळण्यात आली. ही हकीकत सांगणारे कागद विसाव्या शतकात लिस्बनच्या दप्तरातून उजेडात आले. ज्याच्या अस्थीही त्या राजवटीने राहू दिल्या नाहीत, त्याच्या नावाने पुढे पणजीत उद्यान झाले आणि १९७१ मध्ये पोर्तुगालच्या वीस एस्कुदोंच्या नोटेवर त्याचे चित्र छापले गेले.

आज आपण त्याच्याकडून काय घ्यावे? चिनी अळंबीला नाके मुरडावीत असे नव्हे. औषधी अळंबी आपल्याकडेही आहे. फणसाच्या झाडावर उगवणारे फणसाळंबे उगाळून मुलांच्या तोंड येण्यावर लावण्याची रीत पश्चिम महाराष्ट्रात आहे. लिंगझीवर तर आधुनिक संशोधनही चालू आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये कर्करोगावरील चाचण्या एकत्र तपासल्या. मुख्य उपचार म्हणून ती द्यावी इतका पुरावा त्यांत आढळला नाही. फार तर उपचारांच्या जोडीला तिचा विचार करता येईल, एवढेच त्यांनी म्हटले. ‘जोडीला’ आणि ‘ऐवजी’ या दोन शब्दांत रोग्याच्या जिवाचे अंतर आहे.

ओर्ताला आपल्या प्रश्नांची मोठी किंमत देण्याची भीती असताना त्याने ते विचारले. आपल्याला तशी भीती नाही. सावलीच्या बाजारात सात्यांच्या वाट्यापुढे बसून आपली आजी जे विचारते, कुठली, कोणी वेचली, कोणी खाऊन पाहिली, तेच प्रश्न बाटलीसमोरही विचारले, तरी गोव्याच्या त्या वैद्याचे ऋण थोडेसे फिटेल.