केसकरांचा रेडिओ

माझी शाळा कॉन्व्हेंटची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या!

दिवाळीला चाकूरला गेले होते. माळ्यावर आजोबांचा जुना रेडिओ सापडला. आजोबा सांगत होते, ते लहान असताना बुधवारी रात्री आठ वाजता लोक एका वाड्यात जमायचे आणि रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकायचे. मी ई अँड टीसीची, त्यामुळे सिलोन चाकूरला कसं लागायचं ते लगेच कळलं. शॉर्टवेव्ह लहरी आयनोस्फिअरवरून परत फिरतात, म्हणून शेकडो मैल लांब पोचतात. पण आपली आकाशवाणी असताना लोक परक्या देशाचं स्टेशन का लावायचे? हे शोधताना डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर भेटले.

केसकर पुण्याचे, जन्म १९०३ चा. असहकार चळवळीत उतरले, काशी विद्यापीठात शिकले, पॅरिसला जाऊन डॉक्टरेट मिळवली. ध्रुपद गायकी शिकलेले. १९५२ मध्ये नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती आणि नभोवाणी खातं दिलं. ते त्यांनी तब्बल दहा वर्षं सांभाळलं.

१९४७ मध्ये भारताच्या वाट्याला जेमतेम सहा रेडिओ केंद्रं आली होती. संस्थानं गेली, राजेरजवाडे गेले, मग गवयांना आश्रय कोण देणार? केसकरांचं उत्तर होतं, रेडिओ. त्यांनी १९५२ मध्येच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि १९५४ मध्ये संगीत संमेलन. ऑडिशन कडक केल्या. मोठमोठे कलाकार त्यावर रागावले, पण अनेकांच्या घरात रेडिओमुळे चूल पेटली हेही खरं.

चुकलं ते पुढे. सिनेमाची गाणी त्यांना सवंग वाटायची. त्यांनी गाण्यांचा वेळ कमी केला, गाण्यासोबत सिनेमाचं नाव सांगणंही बंद केलं. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. नेमकी ३ डिसेंबर १९५२ ला सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली आणि श्रोते तिकडे वळले. आपल्या चाकूरचेसुद्धा!

हार्मोनियमवरची बंदीही लोक केसकरांच्याच नावावर खपवतात. ती मात्र इंग्रजांच्या काळातली, १९४० ची. केसकरांनी ती उठवली नाही, एवढंच.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि सिनेमाची गाणी परत आली. मंत्री तेव्हाही केसकरच होते! त्यांच्याच काळात, १९५६ मध्ये, पुणे केंद्राने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. लोक कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत टीव्ही सुरू झाला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. १९६२ मध्ये मंत्रिपद गेलं. पुढे ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष होते. १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता माझी गोष्ट सांगते. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या कमिटीत मी हट्टाने फिल्मी गाणी काढून टाकली, सगळा कार्यक्रम ‘क्लासी’ ठेवला. अर्ध्या तासात निम्मा हॉल रिकामा! पोरं पार्किंगमध्ये मोबाइलवर गाणी लावून नाचत होती. तेव्हा मला पोरांचा राग आला. केसकरांबद्दल वाचलं आणि स्वतःचं हसू आलं.

तरी केसकरांना नुसतं हसून सोडू नये असं मला वाटतं. आज मोबाइल आपल्याला आवडतं तेच पुन्हा पुन्हा ऐकवतो. जरा वेगळं ऐकून बघ, असं हट्टाने सांगणारं कुणी नाही. केसकरांचा हेतू चांगला होता. समोरच्यालाही कान असतात, त्याला स्वतःची आवड असते, एवढंच ते विसरले.

यंदा कमिटीत मी पुन्हा आहे. सुरुवातीला पंधरा मिनिटं राग यमन, मग फिल्मी गाणी. आणि हो, सिनेमाच्या नावासकट!

— तृतीय वर्ष, ई अँड टीसी