नामदेवांचा संतमेळा

आषाढी एकादशीचा सोहळा आटोपून वारकरी परतीच्या वाटेला लागतात आणि त्याच महिन्याच्या वद्य त्रयोदशीस श्रीनामदेवरायांची पुण्यतिथी येते. पंढरपूरच्या महाद्वारातील पहिली पायरी नामदेवांच्या नावाने ओळखली जाते. विठ्ठलदर्शनाला येणाऱ्या संतसज्जनांच्या चरणांची धूळ आपल्या मस्तकी पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते. हे मागणे मोठे विचार करण्याजोगे आहे. जो भक्त केवळ आपला आणि देवाचा संबंध पाहतो, तो गाभाऱ्यातील जागा मागेल. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाखालची जागा मागण्यास समुदायावर प्रेम जडलेले असावे लागते.

मनुष्य स्वतःस कोण समजतो, हे पुष्कळ अंशी त्याच्या भोवतालची मंडळी ठरवीत असतात. कुळ त्याला नाव देते, ज्ञाती त्याची पंगत ठरविते, गाव त्याची पायरी ठरविते. पंगत बदलली की मनुष्यही पालटतो. म्हणूनच आपल्या शास्त्रांनी सत्संगाचे माहात्म्य वारंवार वर्णिले आहे. या सिद्धांताचे जिवंत उदाहरण म्हणून नामदेवचरित्राकडे पाहावे.

दामाशेटींचे घर

नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० मधील. घराण्याचे मूळ गाव नरसी बामणी, हल्लीच्या हिंगोली जिल्ह्यातील. वडील दामाशेटी, आई गोणाई, कुळाचा व्यवसाय शिंप्याचा. पुढे राजाईशी विवाह झाला. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार पुत्र झाले. गंगाखेडची जनाबाई याच घरी लहानपणी आली आणि दळणकांडण करता करता संतपदाला पोहोचली. तिने स्वतःची ओळख नामदेवांची दासी अशीच सांगितली.

विठ्ठलाची ओढ बालपणापासूनची. नैवेद्य घेऊन गेलेल्या बाळ नामदेवाच्या हट्टासाठी देव जेवला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. परंतु देव आपलाच, या लाडक्या भावनेत अहंतेचे बीज असते. देवाशी सलगी झालेल्या या भक्ताला कोणी बरोबरीचा सोबती नव्हता, आणि म्हणून त्याचे उणे दाखविणाराही कोणी नव्हता.

गोरोबाकाकांचे थापटणे

ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव आणि मुक्ताई यांची गाठ पडली तेव्हा ती उणीव भरून निघाली. ही भावंडे संन्याशाची मुले म्हणून ब्राह्मणसमाजाने बहिष्कृत केलेली. नामदेव शिंपी. तेरचे गोरोबाकाका कुंभार, अरणचे सावता माळी, पंढरीचे नरहरी सोनार, मंगळवेढ्याचे चोखोबा महार. असा हा मेळा जमला. यांपैकी कोणीही आपला व्यवसाय टाकला नाही की लपविला नाही. कुंभाराची माती, माळ्याचा मळा, सोनाराचे सोने ही त्यांच्या अभंगांची भाषा झाली. नामदेवांच्या पदांतही गज, कात्री, सुई आणि दोरा भक्तीच्या कामाला लागलेले दिसतात. व्यवसायाची खूण राहिली, तिच्याबरोबर येणारा उच्चनीचपणा मात्र गळून पडला.

या मेळ्याने नामदेवांची परीक्षाही घेतली. मुक्ताईच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी मडकी पारखण्याचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणले. इतरांनी ते निमूट सोसले. नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके अद्याप कच्चे आहे असा निर्णय झाला. अपमानित होऊन ते देवाकडे धावले, तर देवानेच त्यांना गुरूकडे पाठविले. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांपाशी त्यांचे समाधान झाले. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांचे पाय उचलून जेथे ठेवावे तेथे पिंडीच दिसली, अशी ती कथा. देव एका राउळात मावत नाही, हे तेव्हा त्यांना उमगले.

संगतीचे दोन धर्म येथे दिसतात. ती आधार देते आणि दोषही दाखविते. केवळ वाहवा करणारी संगत म्हणजे सत्संग नव्हे. आणि या संगतीची किंमतही होती. संसाराकडे पाठ फिरविल्याची तक्रार गोणाई आणि राजाई यांच्या नावावरील अभंगांत स्पष्ट ऐकू येते. संतांच्या घरीही चूल पेटावी लागते, हे आम्हां कीर्तनकारांनी सांगितले पाहिजे.

महाद्वाराबाहेरची समाधी

पुढे ज्ञानदेवांसह नामदेवांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा नामदेव तेथे होते, आणि आदि, तीर्थावळी व समाधी या अभंगप्रकरणांतून त्यांनी आपल्या सख्याचे चरित्र गायिले.

परंतु या मेळ्याची खरी कसोटी चोखोबांच्या ठायी लागली. कीर्तनाच्या वाळवंटात चोखोबा सर्वांचे सखे होते; देवळाच्या उंबरठ्याशी ते अस्पृश्य होते. त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. पण त्यांना आत कोणी नेऊ शकले नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून चोखोबा व त्यांचे सोबती गाडले गेले. नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरीस आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधिली.

प्रेताच्या स्पर्शाचा, त्यातही अस्पृश्य मानलेल्या मनुष्याच्या अस्थींचा विटाळ ज्या काळी मानला जाई, त्या काळी नामदेवांनी त्या अस्थी हृदयाशी धरून आणिल्या. आप्तांनी करावयाचे कार्य त्यांनी केले. रक्ताचे नाते नसता नाते कसे जडते, याचे याहून मोठे प्रमाण मला ठाऊक नाही. पण समाधी बाहेरच राहिली, हेही विसरता कामा नये. देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार उघडले. चोखोबांच्या देहावसानाला त्या वेळी सहाशे नऊ वर्षे झाली होती. संतांनी जोडलेले समाजाने तोडून ठेविले, तो हा काळ.

घुमानपर्यंतचा धागा

नामदेव पंढरीत बसून राहिले नाहीत. नामाचा प्रसार करीत ते पंजाबात गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने पावन झाले. शिखांच्या श्रीगुरुग्रंथसाहिबात भगत नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. त्यांतील एका पदात, हीन जातीचा म्हणून देवळातून उठविले गेल्याची आणि देवळानेच भक्ताकडे तोंड फिरविल्याची कथा त्यांनी स्वतः सांगितली आहे. चोखोबांचे दुःख त्यांना परके का वाटले नाही, याचे उत्तर तेथे सापडते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते याच जुन्या धाग्याच्या आधाराने.

महाराष्ट्रातील परंपरेनुसार शके १२७२, म्हणजे १३५० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी नामदेवांनी महाद्वारी देह ठेविला. ज्या शिंपी समाजाने जन्मतः त्यांना ओळख दिली, त्याच समाजातील पुष्कळ कुटुंबे आज स्वतःस नामदेव शिंपी म्हणवितात. कुळाने पुत्राला नाव द्यावे ही रीत. येथे पुत्राने कुळाला नाव दिले.

भाविक वाचकहो, दिंडीत वारकरी एकमेकांच्या पायांवर डोके ठेवितात. तेथे वय पाहत नाहीत, जात विचारीत नाहीत. समोरचा तो माऊली. ही रीत वाळवंटातील त्या मेळ्याची देणगी आहे. वारी संपली की मात्र आपण आपापल्या पंगतीत परततो आणि पुन्हा जुन्या नावांनी एकमेकांस ओळखू लागतो. यंदा नामदेवांच्या पुण्यतिथीस ज्यांच्या घरी भजन होईल, त्यांनी एवढेच पाहावे की आपल्या दाराबाहेर कोणी चोखोबा उभा राहिला आहे काय. असल्यास त्याला आत बोलावून शेजारी बसवावे आणि मग टाळ हाती घ्यावे.